दोन नाक्यांमधली मालुबाई

मालुबाई मधाळेंच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसायला पाट दिला आणि विचारलं, "बुरुंडी कुटं हाय, ठाव हाय काय तुमाला?"

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. तरी जरा चाचपडलेच. "आफ्रिकेत," म्हणाले.

"आफ्रिकेत व्हय, पन कुटं?" मांडीवरच्या सुपात विडी वळता वळता त्यांनी वर पाहिलं. "मधोमध. बारका हाय, डोंगराळ. लई मारामाऱ्या झाल्या तितं. ह्या आयतवारी त्येची पाळी हाय."

पाळी म्हणजे प्रार्थनेची. निपाणीत त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक कौलारू चर्च आहे. रविवारी सकाळी आठला मराठी उपासना आणि दहाला कन्नड. उपासनेत एक प्रार्थना राष्ट्रांसाठी असते. मंडळीतलं कुणीतरी उभं राहून राज्यकर्त्यांसाठी, लढाया चाललेल्या मुलखांसाठी देवाकडे मागतं. मराठी उपासनेतली ही प्रार्थना मालुबाईंनी एकोणीस वर्षं केली. शिक्षण सातवीपर्यंत, पोटापाण्याला विड्या. पण चर्चच्या पाळकांच्या, म्हणजे पाद्रींच्या, घरातून त्यांनी जुनं, कव्हर गेलेलं नकाशाचं पुस्तक मागून आणलं होतं आणि दर आठवड्याला त्यातले तीन देश त्या पाठ करत. सुदान, सिरिया, हैती. कुठं कोण राज्य करतं हे सकाळच्या बातम्यांत ऐकून ठेवत. सुरुवात मात्र घरापासून. आधी बेंगळूरच्या सरकारसाठी मागायचं, मग मुंबईच्या, मग दिल्लीच्या. बेंगळूर पहिलं घेतात म्हणून मंडळीतली काही माणसं कुरकुरत. मालुबाई म्हणत, "आपन ऱ्हातो त्येंच्या राज्यात. आदी त्येंचं मागाय नको?"

ही सवय वडिलांची. ते तंबाखूच्या वखारीत हमाल होते. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. वखारीतल्या हमालांना काही कुणी विचारायला आलं नव्हतं. मालुबाई त्यानंतर सहा वर्षांनी जन्मल्या. घरात भाषेवरून, राज्यावरून वाद निघाला की वडील म्हणायचे, "सरकारं बदलत्यात. सगळ्या राज्यांवर राजा एकच हाय, आन् तो बदलत न्हाय." मालुबाईंनी हे ऐकलं, मानलं आणि पुढं कधी त्याची तपासणी करायची वेळ त्यांच्यावर आली नाही. ती आली दोन हजार वीसच्या मे महिन्यात, आणि त्यात माझे काका हरिभाऊही सापडले. म्हणून ही सगळी हकीकत मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे.

मालुबाईंची मुलगी रूपाली इचलकरंजीला दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी त्या मार्चच्या सुरुवातीला गेल्या. नात झाली, आणि पाठोपाठ सगळं बंद झालं. एसटी बंद, रस्ते बंद, दोन राज्यांमधला नाका बंद. निपाणीत नवरा एकटा. शिलास मधाळे एके काळी तंबाखूचा ट्रक चालवायचे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं डावी बाजू गेली होती. काठी धरून घरातल्या घरात फिरत. कानानं कमी ऐकू यायचं, पण बोलायला भारी. शेजारीण भाकरी द्यायची, पाळक औषध आणून द्यायचे. फोनवर शिलास रोज एकच विचारत, "कवा येतीस?"

मेमध्ये पास काढून लोक ये-जा करायला लागले. रूपालीच्या नवऱ्यानं मोबाईलवर पासासाठी खटपट केली, पण मालुबाईंचं आधार कार्ड आडवं आलं. चाळीस वर्षं विड्या वळून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. निपाणीच्या केंद्रात ठसे उमटेनात म्हणून जावयानं ते काम इचलकरंजीत करून घेतलं होतं, आणि कार्डावर पत्ता पडला होता जावयाच्या घरचा. कागदोपत्री मालुबाई महाराष्ट्राच्या. कर्नाटकात "घरी" जायचा पास त्यांना मिळणार कसा?

"मी म्हनलं, तोंडानं सांगू," त्या मला म्हणाल्या. "साठीला आलेली बाई. घरला जातो म्हनल्यावर कोन न्हाय म्हनंल?"

चौदा मेला, गुरुवारी, भाजीच्या टेंपोतून त्या कागलच्या पुढं आल्या. महाराष्ट्राच्या नाक्यावर कपाळावर यंत्र धरलं, वहीत नाव लिहिलं, बाहेर जाणाऱ्यांत. बांबूचा अडसर उचलला गेला. पुढं अर्धा किलोमीटर रिकामा हायवे, मग कर्नाटकचा नाका. तिथल्या हवालदारानं कार्ड पाहिलं.

"पत्ता महाराष्ट्राचा. पास?"

"न्हाय. घर निपाणीला हाय माजं. मालक आजारी हाईत."

"पास नाही तर सोडता येत नाही, आक्का. मागं जा."

त्या मागं गेल्या. महाराष्ट्राचा शिपाई म्हणाला, "तुमचं नाव बाहेर पडलेल्यांत लिहिलंय. पलीकडून येणाऱ्याला आत घ्यायचं तर पास पाहिजे."

"मी पलीकडनं न्हाय आलो. आत्ता हितनंच गेलतो की, तुमीच लिवलंसा."

"व्हय. पण आता तुम्ही तिकडनं आलाय."

"मग मी जाऊ कुटं?"

शिपाई वाईट माणूस नव्हता. त्यानं पाण्याची बाटली दिली, पण अडसर उचलला नाही.

दोन नाक्यांच्या मधे एक बंद पडलेला ढाबा होता. पत्र्याचं छप्पर, दोन सिमेंटचे बाक, मागं उसाचं शेत. मालुबाई धरून असे अडकलेले अकरा लोक तिथं होते. मेचं ऊन. दुपारी पत्र्याखाली बसवत नसे आणि बाहेर उभं राहवत नसे. बायकांना आडोसा फक्त उसाचा. दिवसातून एकदा कागलकडून कुणी खिचडीची पातेली आणून अडसराखालून सरकवत असे. मालुबाई म्हणाल्या, "दोनी बाजूची मानसं येत हुती, गाड्या येत हुत्या, परत जात हुत्या. आमी तेवडं मदी. कुत्रीसुदीक इकडनं तिकडं जायाची."

त्या अकरांत काका होते. वय चौऱ्याहत्तर, टिळकवाडीतले निवृत्त मराठीचे शिक्षक. फेब्रुवारीत ते आणि काकू कल्याणी चिन्मयकडे, म्हणजे माझ्या चुलत भावाकडे, पुण्याला गेले होते. काकांकडे कर्नाटकचा रीतसर पास होता, दोघांच्या नावाचा, पण तारीख सतराची. गाडीला महाराष्ट्रातून निघायची परवानगी मिळाली होती चौदाची. काकूंचा पाय आयत्या वेळी मुरगळला, त्या मागं राहिल्या. गाडीवाल्यानं काकांना सीमेवर उतरवलं आणि तो परत फिरला. तीन दिवस कागलात कुठंतरी काढू म्हणून काका महाराष्ट्राच्या नाक्यावर गेले, तर त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही कर्नाटकचे, तुमच्या राज्यात जा.

ते वाक्य काकांना लागलं. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून त्यांनी तरुणपणी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, दोनदा तुरुंगात गेले. आमच्या घरात जेवतानासुद्धा सीमाप्रश्नाखेरीज विषय नसायचा. "ज्या दाराशी जन्मभर उभा राहिलो," ते मला नंतर म्हणाले, "त्या दारातल्या पोरानं मला ओळख विचारली."

त्या संध्याकाळी मालुबाई बाकाच्या कडेला बसून प्रार्थना करायला लागल्या. बेंगळूरसाठी मागितलं, मुंबईसाठी मागितलं, आणि अडकल्या. "आपन आता हाय ती जागा कुनाची, मला ठरवता यीना. कुनाच्या सरकारासाटी मागायचं?" काका शेजारीच होते. ते कोरडं हसले.

"बाई, कुणासाठी मागताय? दोघांनीही हाकललंय आपल्याला."

"गुरुजी, दोगांच्या वर हाय की कोनतरी."

"मग त्याला सांगा, वरून एक पास पाठव म्हणावं."

मालुबाईंनी डोळे मिटले आणि दिल्लीसाठी मागायला सुरुवात केली.

कर्नाटकच्या नाक्यावर दिवसपाळीला आण्णाप्पा नावाचा हवालदार असे. हुक्केरीकडचा, पस्तिशीचा. मालुबाई त्याच्याकडे दिवसातून दोनदा फोन चार्ज करायला जात. पूर्वी वखारीत कन्नड बायकांबरोबर काम केल्यामुळं त्यांना ती भाषा येते, मोडकी पण न घाबरता बोलतात. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाल्या, "तू तुज्या सायबाला भितोस. सायब त्येच्या सायबाला. त्येच्यावर बेंगळूर, त्येच्यावर दिल्ली. दिल्लीच्या वर कोन?"

"यल्लम्मा," आण्णाप्पा हसत म्हणाला.

"आमी म्हनतो, साऱ्या राज्यांवर एकच राजा. तो बगतो. तुजी वही बी बगतो."

"मग त्याला सांग आक्का, माझी बदली गावाकडं कर म्हणून." पण फोन त्यानं पूर्ण चार्ज करून दिला, आणि जाताना दोन केळी दिली.

शनिवारी सकाळी पलीकडून स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. पाळक शिलासना घेऊन आले होते. मागच्या सीटवर, पंच्यानं पाळकांच्या कमरेला बांधून. वीस किलोमीटर. आण्णाप्पानं त्यांना अडसरापाशी उभं राहू दिलं, मालुबाईंना पन्नास पावलांवर थांबवलं. त्याहून जवळ कुणाला सोडायचं नाही असा हुकूम होता.

अडीच महिन्यांनी नवरा-बायको एकमेकांना बघत होते, आणि शिलास ओरडून विचारत होते, "रेशनचं तांदूळ आल्यात! पिशवी कुटं ठेवलीस?"

"हंड्यामागं!"

"काय?"

"हंड्यामागं!"

शिलासना ऐकू जाईना. शेवटी आण्णाप्पा त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "हंड्याच्या मागं!" ढाब्यातली माणसं हसली. काकाही मनापासून हसले, तीन दिवसांत पहिल्यांदा. मालुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांना दिसत होतं की नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं चुकीची लागलीत आणि दाढी आठवड्याची आहे.

"जेवता न्हवं?" त्यांनी ओरडून विचारलं.

हे त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ते म्हणाले, "जगासाटी मागतीस न्हवं? एकदा आपल्यासाटी माग की!"

मग पाळकांनी त्यांना परत पंच्यानं बांधलं आणि स्कूटर वळवली.

मालुबाई आल्या आणि बाकावर बसल्या. त्या दिवशीची खिचडी त्यांनी घेतली नाही. काकांनी ते पाहिलं. काका तापट असले तरी निर्दय नव्हते. दुपारी ते त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्या माझा पास चालू होतो. दोघांचा आहे. साठीवरच्यांना घरीच विलगीकरणात राहायची सवलत आहे, हातावर शिक्का मारून सोडतात. कल्याणीच्या कार्डाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, फोटो काळा आलाय. तोंडावर मास्क. गाडी बेळगावहून येणार, निपाणीत तुम्हाला उतरवतो."

"म्हंजी मी कल्याणी म्हनायचं?"

"एकदाच. विचारलं तर."

मालुबाईंनी विचार करायला वेळ मागितला नाही. "व्हय," म्हणाल्या. मला हे सांगताना त्या थांबल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "मी लगीच व्हय म्हनलं. कुनी मला ढकाललं न्हाय."

लोंढ्याकडचा युवराज म्हणून एक जण अडकला होता, पुण्याला कंपनीत कामाला. त्याच्या बायकोनं मालुबाईंना आपल्या पाकिटातली टिकली दिली. मालुबाईंनी ती लावली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. पदर नीट चापून घेतला. काकांनी त्यांना काकूंचं वय, जन्मतारीख, घराचा नंबर सांगितला. देश पाठ करणारी बाई, दोनदा ऐकून तिनं सगळं बिनचूक म्हणून दाखवलं.

रविवार उजाडला. निपाणीत उपासना सुरू व्हायची वेळ, आठच्या सुमाराला, दोघं नाक्याकडे निघाले. काका पुढं, मालुबाई चार पावलं मागं, हातात काकांची छोटी बॅग. टेबलापाशी आण्णाप्पा होता. त्याच्यामागं खुर्चीत एक अधिकारी बसले होते, नवे, रविवारीच आलेले.

आण्णाप्पानं पास पाहिला, काकांचं कार्ड पाहिलं, वहीत लिहिलं. मग मान वर केली. मालुबाईंना तो तीन दिवस आक्का म्हणत होता. मास्कवरचे डोळे, ती नवी टिकली, सगळं त्यानं पाहिलं. मग पुन्हा वहीत बघून त्यानं विचारलं, "हेसरेनु? नाव काय?"

"मालुबाई शिलास मधाळे," मालुबाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं होतं, असं का झालं? तुम्ही तर सगळं पाठ केलं होतं. त्यांनी सुपातला तंबाखू बोटानं सारखा केला. "त्या पोराला मी सांगितलं हुतं, वरचा राजा तुजी वही बगतो म्हनून. आन् त्येच वहीत मी खोटं लिवून घ्याला निगाल्तो. कल्याणी म्हनाय तोंड उगडलं, आन् माजंच नाव भाईर आलं. मी ठरवून बोललो असतो तर मोटी भक्तीन झालो असतो. मी ठरवलंच न्हवतं."

अधिकारी उठले. पासावर एक नाव, समोर दुसरी बाई. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. पास ठेवून घेतला, काकांना सांगितलं की आता चौकशी होईल, तोवर थांबा. दोघांना मागं पाठवलं. बेळगावहून आलेली गाडी रिकामी परत गेली. ती गाडी मीच पाठवली होती, आणि ड्रायव्हरनं फोन केला तेव्हा मला कळेना की काका असं काय करून बसले.

काकांचा तोल सुटला. ढाब्यात सगळ्यांसमोर ते ओरडले, "खरं बोलायचं होतं तर इथंच बोलायचं होतं! माझ्या पासावर चढून कशाला बोललात? तुमच्या देवापुढं तुम्ही मोठ्या झालात आणि मी इथं कुजतोय!"

मालुबाईंनी टिकली काढून परत दिली. संध्याकाळी फोन घ्यायला गेल्या तेव्हा आण्णाप्पा त्यांच्याकडे बघेना. शेवटी पुटपुटला, "मी कल्याणी लिहिलंच होतं, आक्का. तू कशाला बोललीस?" त्यानं वही वळवून दाखवली. कानडी अक्षरांत काकूंचं नाव, त्यावर काट मारलेली.

मंगळवारी एक बस आली आणि अकराही जणांना तालुक्यातल्या एका बंद वसतिगृहात नेण्यात आलं. चौदा दिवस तिथं राहायचं होतं. निपाणी तिथून नऊ किलोमीटर. खोलीत चार लोखंडी कॉट, खिडकीला जाळी, जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली. आता त्या कर्नाटकात होत्या, घराच्या इतक्या जवळ, आणि तरी वीस किलोमीटरवरून जे शक्य नव्हतं ते नऊ किलोमीटरवरूनही नव्हतं. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून माणूस मागं सरके. काका शेजारच्या खोलीत होते. सहा दिवस त्यांनी मालुबाईंशी शब्द काढला नाही. नळावर समोर आल्या तर तोंड फिरवत.

सातव्या दिवशी दोरीच्या अलीकडे दोघं पाण्यासाठी उभे असताना काकांनीच विचारलं. "तुम्हाला खरंच वाटतं, दोन्ही राज्यांवर तुमचा देव राज्य करतो?"

"व्हय."

"मग हा असला कारभार त्याचाच म्हणायचा."

मालुबाई म्हणाल्या, "त्येच तर मला कळंना झालंय, गुरुजी. तो राजा न्हाय असं म्हनलं तर सोपं हाय, मानसांनी केलं, झालं. पन मी त्येला राजा म्हनतो. मग मला त्येलाच इचारावं लागतंय."

काकांना असल्या उत्तराची सवय नव्हती. त्यांनी आपलं सारं आयुष्य एका नकाशावरची रेघ चूक आहे हे सिद्ध करण्यात घालवलं होतं, आणि रेघ सरकली की सगळं ठीक होईल अशी त्यांची श्रद्धाच होती म्हणायची. त्या नळापाशी त्यांनी ते मालुबाईंना सांगितलं. मोर्चे, लाठ्या, कागलच्या नाक्यावरचं ते वाक्य, सगळं. मालुबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांची बादली भरून दारापर्यंत नेऊन ठेवली.

अठ्ठावीस मेला, गुरुवारी दुपारी पाळकांचा फोन आला. शिलासना दुसरा झटका आला होता. दवाखान्यात नेलं होतं, जीव वाचला होता. मालुबाई जिना उतरून दोरीपाशी गेल्या. तिथल्या माणसानं साहेबांना फोन लावला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. संध्याकाळी निरोप आला की मुदत संपायला पाच दिवस आहेत, नियम मोडता येत नाही. काकांनी त्या दिवशी माझ्यामार्फत बेळगावातल्या तीन वकिलांना फोन करवले. उपयोग झाला नाही. मालुबाईंच्या फोनची बॅटरी बसली तेव्हा काकांनी आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि ते त्यांच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसून राहिले, पाळक पलीकडून काय सांगतात ते ऐकत.

दोन जूनला मालुबाई घरी पोचल्या. शिलास कॉटवर होते. त्यांनी बायकोला ओळखलं. उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. तोंडातून फक्त घशाचा आवाज आला. वाचा गेली होती ती गेलीच. त्यानंतर ते चौदा महिने जगले. एवढा बोलका माणूस, पण अडसराच्या पलीकडून ओरडून सांगितलेलं ते समोरासमोरचं शेवटचंच बोलणं.

मालुबाईंनी हिशेब करून ठेवलाय आणि तो त्यांच्या डोक्यातून जात नाही. सतरा तारखेला त्या कल्याणी म्हणून गेल्या असत्या तर झटक्याच्या अकरा दिवस आधी घरी असत्या. अकरा दिवस नवऱ्याची बडबड ऐकली असती. कदाचित औषध वेळेवर गेलं असतं, झटका आलाच नसता. "कदाचित," त्या म्हणतात, आणि तिथंच थांबतात.

चर्चमध्ये त्यांना साक्ष द्यायला उभं केलं होतं. संकटात खरं बोललेली बहीण, म्हणून. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माज्या खऱ्यानं एका मानसाची गाडी रिकामी गेली, आन् माज्या मालकाची वाचा गेली. तो राजा हाय. पन मला ह्यात शाबासकी देऊ नका." आणि खाली बसल्या. राष्ट्रांची प्रार्थना त्यांनी सोडली. नकाशाचं पुस्तक पाळकांना परत केलं. दीड वर्ष त्या उपासनेला येत, मागच्या बाकावर बसत, प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालून गप्प राहत.

पुन्हा सुरुवात झाली ती मराठी उपासनेत झाली नाही. शिलासना पुरल्यानंतर काही महिन्यांनी कन्नड उपासनेतली राष्ट्रांची प्रार्थना करणारी म्हातारी वारली आणि त्यांना कुणी मिळेना. मालुबाई एका रविवारी दहाला जाऊन उभ्या राहिल्या. मोडक्या कन्नडमध्ये त्यांनी तीन देश घेतले. आता तीच त्यांची जागा. पाळक म्हणतात, आता त्यांची प्रार्थना आखूड असते आणि मधे मधे त्या गप्प होतात. पूर्वी होत नसत.

गेल्या वर्षी काकांनी मला निपाणीला न्यायला सांगितलं. काकांना आता चालवत नाही, मी हात धरून त्यांना गल्लीतून नेलं. मालुबाईंनी दार उघडलं, "सलाम गुरुजी" म्हणाल्या. चहा झाला. मग काका म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी. खोटं नाव मीच सुचवलं होतं."

"व्हय म्हननारी मी हुतो," मालुबाई म्हणाल्या.

"तुम्ही खरं बोललात. मला ते आता पटतं."

"मला न्हाय पटत, गुरुजी." त्यांनी हे अगदी शांतपणे म्हटलं. "एकादा दिवस पटतंय. दुसऱ्या दिवशी वाटतं, मी त्या पोराला कल्याणी लिवू द्याला पायजे हुतं. मी अजून त्या टेबलाफुडंच हुबी हाय."

काकांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुमचा राजा काही सांगत नाही?"

"न्हाय. मी रोज इचारतो. त्येच्याबिगार इचारायला दुसरा कोन हाय मला? दोनी सरकारांला इचारून बगितलं की."

बाहेर ठेकेदाराचा माणूस विड्या न्यायला आला आणि दारातून हाक मारली. मालुबाई उठल्या, जुड्या मोजून दिल्या. परत येऊन त्यांनी काकांना विचारलं, चहा घेताना सांगितलेलं पुढच्या आठवड्यातलं डोळ्याचं ऑपरेशन कोणत्या दिवशी आहे, कुठल्या डोळ्याचं. काकांनी सांगितलं, बुधवारी, उजव्या. त्या डोळे मिटून तिथंच मागायला लागल्या, आधी कन्नडमध्ये, सवयीनं, मग थांबून मराठीत. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.